चमत्कार केला तरच बातमी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘स्वमग्नतेवर मात करून सुरांशी मैत्री’ या मथळ्याचा लेख आला आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात चौदा वर्षांच्या एका स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाने सिंथेसायझरवर सलग पाच गाणी वाजवली आणि सभागृहाने उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला, अशी ती हकिगत. लेख आस्थेने लिहिला आहे, आणि त्या मुलाच्या घरी तो किती वेळा वाचला गेला असेल याची मला पुरेपूर कल्पना आहे. माझा स्वतःचा मुलगा स्वमग्न असून तो आता सत्तावीस वर्षांचा आहे. लेखाचे कात्रण मीही काढून ठेवले. दुसऱ्यांदा वाचताना मात्र ध्यानात आले की लेखात आई बोलते, वडील बोलतात, संगीतशिक्षक बोलतात, प्रमुख पाहुणेही चार वाक्ये बोलतात, पण ज्याने वाजवले त्याचा एकही शब्द नाही. इतकेच नव्हे, तर त्याने वाजवलेली पाच गाणी कोणती, हेही कुठे लिहिलेले नाही. एखाद्या गवयाच्या मैफलीचे वृत्त देताना आपला वार्ताहर राग कोणता गायला गेला हे कधी विसरला नसता. येथे ते कोणाला खटकले नाही, कारण बातमी वाजवण्याची नव्हतीच. ‘असा’ मुलगा वाजवतो, ही बातमी होती.

स्वमग्नता, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण), अतिचंचलता, टुरेट सिंड्रोम अशा निरनिराळ्या मेंदूरचनांच्या माणसांना एकत्रितपणे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. त्याला मराठीत अजून सर्वमान्य शब्द नाही. ‘स्वमग्न’ हा शब्द मात्र रुळला आहे, आणि एक निवृत्त मराठी शिक्षिका म्हणून त्याची एक गंमत मला सांगावीशी वाटते. संगीत समीक्षेत ‘बुवा स्वमग्न होऊन गात होते’ असे लिहिले की ती स्तुती ठरते. त्याच पुरवणीच्या दुसऱ्या पानावर तोच शब्द एका मुलाच्या बाबतीत आला की त्यावर ‘मात’ करावी लागते. शब्दाचा अर्थही आमच्या अनुभवाशी जुळत नाही. आमचा मुलगा स्वतःमध्ये मग्न नसतो. बाहेरच्या आवाजात, पंख्याच्या घरघरीत, नळाच्या धारेत तो आपल्यापेक्षा कितीतरी अधिक गुंतलेला असतो. त्या चौदा वर्षांच्या मुलाने गाणी बसवली असतील तर ती बहुधा अशाच कानाच्या बळावर बसवली असतील. मग त्याने मात केली ती कशावर?

माझा आक्षेप एका मथळ्यापुरता नाही. संगीतात, चित्रपटांत आणि वृत्तपत्रांत या माणसांना प्रवेश मिळतो तो बहुतेक वेळा एकाच अटीवर, की त्यांनी काहीतरी अचाट करून दाखवावे. ही अट नवी नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १८४९ साली गुलामीत जन्मलेल्या आणि जन्मापासून अंध असलेल्या टॉम विगिन्स या पियानोवादकाची कथा या संदर्भात वाचण्यासारखी आहे. त्याच्या आईवडिलांसह तान्हेपणीच त्याची विक्री झाली. विकत घेणारा जेम्स बेथ्यून हा वकील होता आणि (आपण राग मानू नये) वृत्तपत्राचा संपादकही होता. टॉमचे वर्तन आणि बोलणे यांची जी वर्णने उपलब्ध आहेत त्यांवरून तो स्वमग्न असावा असे आजचे अनेक अभ्यासक मानतात. एकदा ऐकलेली रचना तो तशीच्या तशी वाजवत असे, म्हणून लहानपणापासूनच ‘ब्लाइंड टॉम’ या नावाने त्याचे जाहीर कार्यक्रम सुरू झाले; १८६० साली तो राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांच्यासमोर व्हाइट हाउसमध्ये वाजवून आला. कार्यक्रमात प्रेक्षकांपैकी कोणी मंचावर येऊन आपली अवघड रचना वाजवायची आणि टॉमने ती लगेच वाजवून दाखवायची, असा परीक्षेचा खेळ असे. तो स्वतःचा परिचयही ‘टॉम आता अमुक वाजवील’ असा तृतीय पुरुषात करून देई, आणि लोक त्यावर हसत. पुढे गुलामगिरी संपली, तरी टॉमचे पालकत्व कायद्याने बेथ्यून कुटुंबाकडेच राहिले आणि त्याच्या कार्यक्रमांचा पैसाही त्याला मिळाला नाही. त्याच्या ताब्यावरून त्या घरात खटले झाले. १९०८ साली तो वारला. टॉमने स्वतः रचलेल्या रचना छापील स्वरूपात आजही उपलब्ध आहेत, परंतु त्याची ओळख राहिली ती नक्कल करणारा चमत्कार म्हणून, संगीतकार म्हणून नाही.

त्या खेळाचे नियम फारसे बदललेले नाहीत. १९८८ सालच्या ‘रेन मॅन’ या हॉलिवूडपटाने स्वमग्नता हा शब्द जगभर पोहोचवला, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर पटकावले, आणि जमिनीवर सांडलेल्या काड्या एका नजरेत मोजणारा माणूस म्हणजे स्वमग्न माणूस, अशी समजूतही घरोघर पोहोचवली. ज्या किम पीक यांच्यावरून ती व्यक्तिरेखा सुचली ते स्मरणशक्तीने अलौकिक खरे, पण ते स्वमग्न नव्हते असेच तज्ज्ञांचे पुढे मत झाले. अशी अलौकिक क्षमता स्वमग्न माणसांपैकी थोड्यांनाच असते. परिणाम मात्र आम्ही सर्वांनी भोगला आहे. लग्नकार्यात कोणी पाहुणा आमच्या मुलाकडे पाहून हळू आवाजात विचारतो, ‘मग याचं विशेष काय? गातो का? की तारखांचे वार सांगतो?’ विचारणारा वाईट नसतो. त्याने चित्रपट पाहिलेला असतो. ‘काही नाही, त्याला जिलबी आवडते’ असे मी सांगते तेव्हा त्याचा चेहरा पडलेला मला दिसतो.

ऑस्ट्रेलियन गायिका सिया हिने २०२१ साली ‘म्युझिक’ नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यातील स्वमग्न मुलीचे नावच ‘म्युझिक’ आहे. ही भूमिका स्वमग्न नसलेल्या मॅडी झीग्लर या नर्तिकेला दिली म्हणून जगभरातील स्वमग्न प्रेक्षकांनी टीका केली. मुलीला जमिनीवर दाबून धरण्याच्या दृश्यांवर त्याहून कठोर टीका झाली, कारण अशा पकडीत प्रत्यक्षात माणसांचे जीव गेले आहेत. सियाने क्षमा मागितली. चित्रपटाला गोल्डन ग्लोबची दोन नामांकनेही मिळाली होती, हे येथे नोंदवायला हवे. पात्रनिवडीवर बोलणे सोपे असते, म्हणून चर्चा तिथेच अधिक झाली. मला स्वतःला दोन गोष्टी त्याहून बोचल्या. मुलीच्या मनातले जग दाखवण्यासाठी जी गाणी योजली आहेत ती इतक्या भडक रंगांची आणि लखलखाटाची आहेत की जिचे मन त्यांतून दाखवायचे तिच्यासारख्या अनेकांना ती पाहवणार नाहीत. दुसरी गोष्ट अशी, की मुलीचे नाव चित्रपटाला दिले तरी कथा तिच्या व्यसनातून सावरणाऱ्या सावत्र बहिणीची आहे. ती बदलते, तिला प्रेम मिळते, आणि मुलगी त्या बदलाचे निमित्त ठरते. पुढे २०२३ मध्ये आपण स्वतःही स्वमग्नतेच्या वर्णपटावर असल्याचे सियाने जाहीर केले. त्यामुळे तिच्यावरची टीका चुकीची ठरत नाही, आणि ती करणाऱ्यांनी लाजण्याचेही कारण नाही. एका घरातली दोन माणसे जशी वेगळी असतात तशीच दोन स्वमग्न माणसेही वेगळी असतात, आणि स्वतः स्वमग्न असल्याने दुसऱ्या स्वमग्न माणसाचे चित्रण आपोआप साधतेच असे नाही.

आपल्याकडचा हिशेब मांडताना कृतघ्न होऊन चालणार नाही. २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’मुळे कितीतरी शिक्षकांनी डिस्लेक्सिया हा शब्द पहिल्यांदा ऐकला, त्यांत मी होते, आणि आपल्या वर्गातील कोणकोणत्या मुलांना आपण आळशी म्हटले ते आठवून मला अनेक रात्री झोप आली नाही. पण त्यातल्या ईशानलाही शेवटी चित्रकलेची स्पर्धा जिंकावीच लागली. जो मुलगा अक्षरे उलटी वाचतो आणि चित्रेही बेताचीच काढतो, त्याच्यासाठी शाळेने काय करायचे हे तो चित्रपट सांगत नाही.

मराठीत १९९१ साली ‘चौकट राजा’ आला. मी तो लग्नाआधी पाहिला होता आणि दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला, बौद्धिक अक्षमता असलेला नंदू पाहून ढसाढसा रडले होते. काही वर्षांनी आमच्याच वाड्यात लोक मुलाला प्रेमाने ‘आमचा चौकट राजा’ म्हणू लागले. त्यांत कुचेष्टा अजिबात नव्हती, आणि तरीही मला ते सहन होत नसे, कारण त्याला त्याचे नाव होते. अभिनेत्याचा यात काय दोष? पण पडद्यावर इतकी मोजकी माणसे असली की ज्याच्या-त्याच्या वाट्याला तेच एक नाव येते. २०१४ मध्ये महेश लिमये यांनी ‘यलो’ केला आणि त्यात डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली. राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. हिंदीत न्यूरोडायव्हर्जंट कलाकारांनाच भूमिका देण्याचे कौतुक ‘सितारे जमीन पर’मधील दहा जणांच्या निमित्ताने २०२५ मध्ये झाले. मराठी चित्रपटाने ती गोष्ट अकरा वर्षे आधी करून दाखवली होती, याची आठवण त्या कौतुकाच्या लेखांत मला कुठे आढळली नाही, आपल्याही पानांवर नाही. ‘सितारे’मधली मंडळी चिडतात, थट्टा करतात, आपल्या बास्केटबॉल प्रशिक्षकाला सरळ तोंडावर सुनावतात, हे मला मनापासून आवडले. कथा तरीही प्रशिक्षकाच्याच सुधारण्याची राहते. ‘यलो’मध्ये निदान कथा गौरीची होती. पण तिथेही पदक होतेच.

दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धांत तर ही अट ऐकूच येते. असा एखादा मुलगा मंचाकडे चालू लागला की त्याने तोंड उघडण्यापूर्वीच मागे बासरी किंवा व्हायोलिन सुरू होते, परीक्षकांचे पाणावलेले डोळे दाखवले जातात, आणि आपण काय वाटून घ्यायचे ते ठरून जाते. त्या गदारोळात मूळ गाण्याचा षड्ज तरी नीट लागला की नाही, हे ऐकायला कोणी मोकळे राहत नाही. बेसूर गायला तर त्याला तसे सांगतही नाहीत. माझ्या मते हा मोठा अपमान आहे. सूझन बॉइल या स्कॉटिश गायिकेचा ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ या स्पर्धेतील २००९ चा प्रसिद्ध प्रसंग अनेकांनी पाहिला असेल: ती बोलू लागली तेव्हा सभागृहात कुचेष्टा होती आणि गाऊ लागल्यावर तेच सभागृह उभे राहिले. जन्मतः मेंदूला इजा झाल्याचा शिक्का तिच्यावर बालपणापासून होता. आपल्याला अस्पर्गर सिंड्रोम (स्वमग्नतेचाच एक प्रकार) असल्याचे निदान झाल्याचे तिने २०१३ मध्ये सांगितले. ती बाई चांगली गाते म्हणून त्या दिवशी वाचली. न गाणाऱ्या सूझन बॉइलला त्याच सभागृहाने कसे वागवले असते, याचे उत्तर पहिल्या मिनिटभरातच मिळालेले आहे.

याच्या उलट वाटणारा एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. स्कॉटलंडचाच गायक लुईस कपाल्डी याने आपल्याला टुरेट सिंड्रोम असल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. या अवस्थेत मान, खांदे, चेहरा यांना अनावर झटके येतात. जून २०२३ मध्ये इंग्लंडमधील ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात शेवटचे गाणे गाताना झटके आणि बसलेला आवाज यांमुळे त्याला गाता येईना. समोरच्या हजारोंच्या समुदायाने ते गाणे उचलले आणि शेवटपर्यंत म्हटले. तो त्यानंतर विश्रांतीसाठी बाजूला झाला आणि २०२५ मध्ये त्याच महोत्सवात परतला. येथे कोणी कशावर मात केली नाही. गायकाला त्या क्षणी गाता आले नाही, आणि लोकांना ते चालले. आपल्या वारीत टाळकऱ्याचा आवाज बसला तर अभंग थांबत नाही, शेजारचा तो पुढे नेतो. तेथे श्रोते नेमके तसे वागले.

हे सारे केवळ एका आईच्या हळवेपणातून आलेले आहे, असे कोणी म्हणू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या ८ जुलै २०२४ च्या निकालाकडे लक्ष वेधते. ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटाविरुद्ध दिव्यांग हक्कांचे कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या याचिकेवर निकाल देताना तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने चित्रपटावर बंदी घातली नाही, पण दिव्यांग व्यक्तींच्या दृश्यमाध्यमांतील चित्रणाविषयी तत्त्वे घालून दिली. त्यांची टिंगल करणे जसे अयोग्य तसेच त्यांना असामान्य वीर म्हणून रंगवणेही अयोग्य, कारण सन्मानाने वागवले जाण्यासाठी अलौकिक काही करून दाखवावे लागते असा अर्थ त्यातून निघतो, हा मुद्दा न्यायालयाने त्यात स्पष्टपणे घेतला आहे. ‘ग्रस्त’, ‘पीडित’ अशा अर्थाचे शब्द टाळावेत, आणि चित्रण करताना त्या व्यक्तींशी व त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करावी, असेही सांगितले आहे. हा निकाल दृश्यमाध्यमांविषयी असला तरी वृत्तपत्रांनी तो वाचण्यास हरकत नसावी. त्याचे वृत्त आपण पहिल्या पानावर दिले होते, हे मला आठवते. म्हणून तर हा मथळा अधिक खटकला.

आता आमच्या मुलाविषयी. तो गात नाही. वाजवत नाही. सूर ओळखून दाखवत नाही. आम्ही मिरजेत राहतो, आणि येथील सतारमेकर गल्लीत तो गेली पंधरा वर्षे जवळजवळ रोज जातो. पंढरपूर भागातून आलेले भोपळे, त्यांवर चढणारी लाकडी दांडी, हे त्याला फारसे पाहायचे नसते. कारागीर जवारी काढायला बसला, म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कानसीने अंशाअंशाने घासून, तारेखालचा सुताचा दोरा केसभर इकडे-तिकडे सरकवून आवाज ‘उघडू’ लागला, की हा उकिडवा बसून ऐकतो. त्यासाठी तो तास-दोन तास थांबतो. आवाज उघडला की हात हलवतो आणि घरी येतो. तेथील मंडळींनी त्याला कधी ‘वाजवून दाखव’ म्हटले नाही, त्याच्या हातात काही दिलेही नाही. एक पाट मात्र त्याच्यासाठी कायमचा ठेवलेला आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ येथील दर्ग्याच्या आवारात जो संगीत महोत्सव होतो, त्यालाही तो येतो. तेथे कार्यक्रम उघड्यावर असतो, माणसे उठतात, बसतात, मुले फिरतात, कोणी मागे आडवाही होतो. त्यात हा हुंकारत चकरा मारतो आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही.

एका मोठ्या शहरातील बंदिस्त नाट्यगृहात मात्र आम्हाला मध्यंतरापूर्वीच बाहेर यावे लागले. विलंबित ख्याल चालू असताना त्याने तानपुऱ्याच्या सुरात हुंकार भरला. सूर बरोबर होता की नाही याबद्दल मी काही म्हणणार नाही. मागच्या रांगेतून ‘अशांना आणता कशाला’ असे ऐकू आले आणि दारावरच्या माणसाने नम्रपणे, पण ठामपणे, दार उघडून धरले. श्रोत्यांची अडचण मला कळते. शांततेचे पैसे त्यांनीही मोजलेले असतात. म्हणूनच परदेशांत काही खेळ मुद्दाम वेगळे ठेवले जातात: सभागृहातील दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज थोडा उतरवतात, मध्येच उठून बाहेर जाण्याची आणि परत येण्याची मुभा असते, आणि हे सर्व तिकिटावर आधीच छापलेले असते, जेणेकरून ज्याला पूर्ण शांतता हवी त्याने दुसऱ्या खेळाला यावे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द लायन किंग’चा असा खेळ २०११ मध्ये झाला. आपल्या दिव्यांग हक्क कायद्याने, म्हणजे २०१६ च्या अधिनियमाच्या २९व्या कलमाने, सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क मान्य केलेला आहे आणि त्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. राज्यातील अनेक मोठी नाट्यगृहे महापालिकांचीच आहेत. त्यांपैकी किती ठिकाणी महिन्यातून एक असा खेळ होऊ शकेल, याची चौकशी आपल्या शहरवार्ताहरांनी केली तर त्या बातम्या मी कात्रणांच्या वहीत पहिल्या पानावर लावीन.

पुरवणीच्या लेखकांकडे माझी मागणी त्याहून लहान आहे. त्यांनी त्या चौदा वर्षांच्या मुलाकडे पुन्हा एकदा जावे. तो बोलत नसेल तर लिहून, चित्रावर बोट ठेवून किंवा सिंथेसायझरची पट्टी दाबून सांगू शकेल, त्यासाठी घाई मात्र करू नये. त्याने वाजवलेली ती पाच गाणी कोणती होती, त्यांतले कोणते त्याला स्वतःला आवडते, आणि कोणते केवळ शिक्षकांनी सांगितले म्हणून वाजवले, एवढे त्याला विचारून चार ओळींत छापावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, मिरज